८६,४१,९७,५३२ : अवयव, विभाजक आणि कापरेकरांची वजाबाकी

प्रश्न असा आहे: ८६४१९७५३२ या संख्येत विशेष काय, तिचे गुणधर्म कागदावर कसे काढायचे, आणि तीच आकडेमोड स्प्रेडशीटमध्ये किंवा छोट्या प्रोग्रॅममध्ये केली की काही उत्तरे भलतीच का येतात?

आधी संख्या नीट उतरवून घ्या. शहाऐंशी कोटी एक्केचाळीस लाख सत्त्याण्णव हजार पाचशे बत्तीस. १ ते ९ हे सगळे अंक तिच्यात एकेकदाच येतात, शून्य येत नाही. हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी आणखी एक संख्या आहे, ८६४१९७५२३. शेवटचे दोन अंक तेवढे उलटे. ती १२३४५६७८९ ची सातपट आहे आणि आपली संख्या तिच्याहून बरोबर ९ ने मोठी आहे. दोन्हींत अंक तेच, दोन्हींच्या अंकांची बेरीज ४५, दोन्हींना ९ ने भाग जातो. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी लिहिली गेली, तर अंक मोजून किंवा त्यांची बेरीज करून चूक सापडत नाही. ११ ची कसोटी लावली की लगेच सापडते. उजवीकडून सुरुवात करून अंक आलटून पालटून मिळवा आणि वजा करा: २ − ३ + ५ − ७ + ९ − १ + ४ − ६ + ८ = ११. म्हणजे आपल्या संख्येला ११ ने भाग जातो. दुसरीत हीच बेरीज १३ येते, तिला जात नाही. पुढे हा ११ कुठून आला तेही कळेल, तोवर लक्षात ठेवा.

आता अवयव. थेट २, ३, ५, ७ ने भागत सुटू नका. स्वल्पविराम विसरा आणि उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ८६४, १९७, ५३२. आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीतले स्वल्पविराम इथे उपयोगाचे नाहीत. या कसोटीला हजाराचेच गट लागतात, आणि बऱ्याच जणांची चूक इथेच होते.

गटांची बेरीज करा: ८६४ + १९७ + ५३२ = १५९३. पुन्हा १ + ५९३ = ५९४. १००० ला ९९९ ने भागले की बाकी १ उरते, म्हणून आपल्या संख्येला ९९९ ने भागल्यावर जी बाकी उरेल तीच ही ५९४. आणि ९९९ म्हणजे २७ × ३७. ५९४ = २७ × २२, म्हणजे २७ ने पूर्ण भाग जातो. ३७ × १६ = ५९२, बाकी २, म्हणजे ३७ ने जात नाही.

मग तेच गट आलटून पालटून घ्या: ५३२ − १९७ + ८६४ = ११९९. १००१ = ७ × ११ × १३, आणि १००० ची १००१ ने बाकी उणे १ धरता येते, म्हणून ११९९ तपासले की ७, ११ आणि १३ तिन्हींचा निकाल लागतो. ७ ने बाकी २, ११ ने पूर्ण भाग (११ × १०९), १३ ने बाकी ३. दोन छोट्या बेरजांत ३, ७, ११, १३ आणि ३७ यांचा प्रश्न मिटला.

२ चे घात शेवटच्या अंकांवरून कळतात. ३२ ला ४ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ५३२ ला ८ ने भागले तर ४ उरतात, म्हणून ८ ने जात नाही. म्हणजे आतापर्यंत ४ × २७ × ११ = ११८८ हाती आले. ८६४१९७५३२ ÷ ११८८ = ७२७४३९.

इथे थांबून हा भागाकार पुन्हा तपासायचा असतो, कारण २७ ने भाग गेला याचा अर्थ ८१ ने जाणारच नाही असा होत नाही. ७२७४३९ च्या अंकांची बेरीज ३२, म्हणजे आणखी ३ नाही. आलटून पालटून बेरीज उणे २, म्हणजे आणखी ११ नाही. ७, १३ आणि ३७ आधीच बाद झाले आहेत.

उरलेल्या ७२७४३९ चे वर्गमूळ ८५२ आणि ८५३ यांच्या मध्ये आहे (८५३ × ८५३ = ७२७६०९). मूळ अवयव असेलच तर ८५२ पर्यंत सापडायला हवा. हीच शोधाशोध सुरुवातीला पूर्ण संख्येवर केली असती, तर २९३९७ पर्यंत जाण्याची तयारी ठेवावी लागली असती. लहान अवयव आधी काढून टाकण्याचा खरा फायदा हा आहे.

आता मात्र हाताने भागावे लागते. १७ × ४२७९० = ७२७४३०, बाकी ९. १९ ने बाकी ५. २३ ने १८. २९ ने ३. ३१ ने २४. ४१ ने १७. असे करत ९७ पर्यंत पोहोचलात की बाकी ३६ येते आणि अजून काहीच हाती लागलेले नसते. बहुतेक जण इथेच हात टेकतात आणि ७२७४३९ ही मूळ संख्या म्हणून लिहून मोकळे होतात. तसे करू नका. मर्यादा ८५२ आहे, १०० नाही. १७ पासून १७९ पर्यंत, ३७ सोडून, चौतीस मूळ संख्यांनी भाग जात नाही. १७९ × ४०६३ = ७२७२७७, बाकी १६२. त्यापुढची १८१ घेतली की १८१ × ४०१९ = ७२७४३९. बाकी शून्य.

४०१९ मूळ आहे का हे बघायला नवा भागाकार करण्याची गरज नाही. तिला १८१ पेक्षा लहान मूळ अवयव असता, तर तो ७२७४३९ लाही लागू पडला असता आणि आधीच सापडला असता. १८१ चा वर्ग ३२७६१, तो ४०१९ च्या कितीतरी पुढे. म्हणजे ४०१९ मूळच. तर संख्या अशी सुटली:

८६४१९७५३२ = २ × २ × ३ × ३ × ३ × ११ × १८१ × ४०१९

ताळा कसा करायचा? अंकांची बेरीज करून ९ ची बाकी ताडून पाहण्याची सवय आपल्याला शाळेपासून असते, पण इथे पहिल्या टप्प्यावर ती निकामी आहे. संख्या ९ च्या पटीत, ११८८ ही ९ च्या पटीत, त्यामुळे दुसरा अवयव कितीही चुकला तरी बाकी शून्यच येणार. अशा वेळी जी मूळ संख्या अवयवांत नाही ती घ्या. ७ घेतली तर: ११८८ ची बाकी ५, ७२७४३९ ची ६, गुणाकार ३०, त्याची बाकी २, आणि आपल्या संख्येची बाकीही २. १३ घेतली तर: ५ गुणिले ११ म्हणजे ५५, बाकी ३, आपल्या संख्येचीही ३. दोन्ही जुळले. १८१ × ४०१९ ला मात्र ९ चा ताळा चालतो, कारण त्यांत ३ नाही: १ × ५ = ५, आणि ७२७४३९ चीही बाकी ५.

एवढे झाले की पुढचे बरेच गुणधर्म दोन ओळींत मिळतात. प्रत्येक घातांकात (मूळ अवयव जितक्या वेळा आला त्या संख्येत) १ मिळवून गुणाकार करा: ३ × ४ × २ × २ × २ = ९६. एवढे विभाजक. त्यांची बेरीज काढायला प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज घ्या आणि गुणा: (१ + २ + ४) × (१ + ३ + ९ + २७) × १२ × १८२ × ४०२० = २,४५,८३,१०,४००. यातून संख्या स्वतः वजा केली तर १,५९,४१,१२,८६८ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा बरेच जास्त. अशा संख्येला विपुल म्हणतात. खरे तर एवढ्यासाठी गणित करायची गरज नव्हती, कारण ६ ची ६ पेक्षा मोठी कोणतीही पट विपुलच असते. १ पासून या संख्येपर्यंत किती संख्यांशी तिचा मसावि १ येतो, ते २ × १८ × १० × १८० × ४०१८ = २६,०३,६६,४००. म्हणजे शंभरात साधारण तीस.

विभाजकांच्या बेरजेपाशी प्रोग्रॅममधली पहिली चूक होते. ३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. आपली संख्या त्यात आरामात बसते, बेरीज बसत नाही. अशा चलात ती ठेवली की बऱ्याच भाषांत निमूटपणे −१८३६६५६८९६ असे ऋण उत्तर येते आणि चूक झाल्याची सूचनाही मिळत नाही. ६४ बिटांचा पूर्णांक वापरा. स्प्रेडशीटची अडचण वेगळी. तिथे १५ सार्थ अंकच, म्हणजे डावीकडचे पहिले पंधरा, जपले जातात. या संख्येचा वर्ग १८ अंकी आहे आणि त्याचे शेवटचे तीन अंक ०२४ आहेत, पण कक्षात (सेलमध्ये) ते ०००च दिसतील. कक्षाचे स्वरूप बदलून किंवा रुंदी वाढवून हे सुधारत नाही, कारण ते अंक साठवलेलेच नसतात.

वर्गांच्या बाबतीत ही संख्या मला फार देखणी वाटते. एककाला २ आहे म्हणून ती पूर्ण वर्ग नाही, हे झाले सोपे. दोन वर्गांची बेरीज म्हणून ती लिहिता येईल का? त्यासाठी ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या मूळ संख्यांचा घातांक सम लागतो. इथे ३ चा घातांक ३, ११ चा १, ४०१९ चा १. तिघेही आडवे येतात. मग तीन वर्ग? यासाठी फ्रेंच गणिती लजांद्रचा नियम आहे: ४ जितक्या वेळा भागतो तितक्या वेळा काढून टाका, आणि उरलेल्या संख्येला ८ ने भागल्यावर ७ उरले, तर तीन वर्ग पुरत नाहीत. आपल्या संख्येतून ४ काढले की उरते २१६०४९३८३. शेवटचे तीन अंक ३८३, ते ८ × ४७ + ७. बाकी ७. म्हणजे तीनही पुरत नाहीत.

चार मात्र कोणत्याही संख्येला पुरतात, हे गणिती लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केले. ते चार शोधायचे कसे? २१६०४९३८३ मधून मोठ्यात मोठा जवळचा वर्ग काढा: १४६९८ चा वर्ग २१६०३१२०४, उरले १८१७९. त्यातून १३३ चा वर्ग १७६८९, उरले ४९०. आणि ४९० = २१ चा वर्ग + ७ चा वर्ग. आता काढलेला ४ परत आणायचा, म्हणजे ज्यांचे वर्ग घेतले त्या चारही संख्या दुप्पट करायच्या: २९३९६, २६६, ४२, १४. वर्ग अनुक्रमे ८६४१२४८१६, ७०७५६, १७६४, १९६. बेरीज करून पाहा, बरोबर ८६४१९७५३२ येते. दुसऱ्या पायरीवर १३४ घेतला असता तर २२३ उरले असते आणि ते दोन वर्गांत बसत नाहीत. म्हणून सर्वांत मोठा वर्ग घेण्याचा हट्ट धरू नका, अडले की एकाने खाली या.

आतापर्यंतचे सगळे गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती दोनच्या पद्धतीत लिहिली, तर ३० अंकी होईल, १ ते ९ ची मांडणी नाहीशी होईल, पण ९६ विभाजक आणि चार वर्ग तसेच राहतील. आता जो गुणधर्म येतो तो दहाच्या पद्धतीत लिहिण्याशी बांधलेला आहे, आणि या संख्येचे नाव त्याच्यामुळे झाले आहे.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. नाशिकजवळ देवळालीला त्यांनी अनेक वर्षे शाळेत शिकवले. त्यांनी १९४९ मध्ये मांडलेली कृती अशी: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर तेच पुन्हा करा. चार अंकी संख्येत, सगळे अंक सारखे नसतील तर, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे हलत नाही. तीन अंकांत हाच मान ४९५ चा. नऊ अंकांत आपली संख्या अशीच अढळ आहे: ९८७६५४३२१ − १२३४५६७८९ = ८६४१९७५३२.

ही वजाबाकी जवळून पाहण्यासारखी आहे. पहिला आणि शेवटचा अंक यांतला फरक ८, दुसरा आणि आठवा यांतला ६, मग ४, मग २. उत्तराच्या डाव्या बाजूला ८, ६, ४ जसेच्या तसे उतरतात. चौथ्या जागी २ यायला हवा, पण उजवीकडच्या हातच्यापायी तो १ होतो. मधल्या जागी ५ − ५ असते. तिथूनही हातचा गेलेला असतो, म्हणून ९ येतो. पुढे ९ − २ = ७, ९ − ४ = ५, ९ − ६ = ३, आणि एककाला १० − ८ = २. म्हणजे ८, ६, ४, १, ९, ७, ५, ३, २. हे अंक पुन्हा १ ते ९ च भरले, म्हणून पुढची वजाबाकी तीच होते. १ ते ९ च्या ३,६२,८८० मांडण्यांपैकी कोणतीही घ्या, पहिल्याच वजाबाकीत इथे येते. ८७६५४३२१० − ०१२३४५६७८ केले तरी हेच उत्तर, कारण फरक तेच ८, ६, ४, २. मधल्या अंकाचा तर काही संबंधच नाही: ९८७६६४३२१ − १२३४६६७८९ करून बघा.

म्हणजे उत्तर केवळ त्या चार फरकांवर ठरते. चार फरक उतरत्या क्रमाने ० ते ९ मध्ये, सगळे शून्य सोडून, ७१४ प्रकारे निवडता येतात. कोट्यवधी नऊ अंकी संख्या एका वजाबाकीनंतर ७१४ वर येतात. अढळ संख्या शोधायच्या तर तेवढ्याच तपासा. दोनच सापडतात: आपली, आणि ५५४९९९४४५ (९९९५५५४४४ − ४४४५५५९९९).

आता त्या ११ चा उलगडा. अंकांची संख्या विषम असली, की समोरासमोरच्या दोन जागा एकतर दोन्ही सम असतात किंवा दोन्ही विषम. त्यामुळे प्रत्येक फरकाला ९९ ने भाग जाणाऱ्या संख्येने गुणले जाते: ९९९९९९९९, ९९९९९९०, ९९९९००, ९९०००. म्हणून नऊ अंकांतली अशी कोणतीही वजाबाकी ९९ च्या पटीत असते. कागदावर वजाबाकी झाली की आलटून पालटून बेरीज घ्या. ११ ने भाग जात नसेल तर हातच्यात चूक आहे. चार अंकांत हा ताळा लागू नाही, ६१७४ ला ११ ने भाग जात नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, सुरुवातीचे शून्य. २११११११११ − ११११११११२ = ९९९९९९९९, म्हणजे आठच अंक. हे ०९९९९९९९९ असे नऊ अंकी धरायचे; पुढची वजाबाकी ९९९९९९९९० − ०९९९९९९९९ = ८९९९९९९९१. शून्य गाळले, तर आठही अंक सारखे राहतात आणि पुढचे उत्तर ० येते. नऊ अंक जपले तर, सुरुवातीची संख्या एकाच अंकाची नसताना, शून्य कधीच येऊ शकत नाही: नऊ सारख्या अंकांच्या संख्येला ११ ने भाग जात नाही आणि वजाबाकीला तर जातोच. म्हणून शून्य दिसले की गाळलेले शून्य शोधा.

दुसरी, चक्र. प्रत्येक संख्या अढळ जागी पोहोचेल असे धरून लूप लिहिला, तर तो कधी थांबणारच नाही. ८६५२९६४३२ पासून निघा: ७६३१९७६३३, ८४४२९६५५२, ७६२०९८७३३, ९६४३९५५३१, ८६३०९८६३२, ९६५२९६४३१, ८७३१९७६२२, ८६५३९५४३२, ७५३०९८६४३, ९५४१९७५४१, ८८३०९८६१२, ९७६४९४३२१, ८७४१९७५२२, आणि चौदाव्या वजाबाकीला परत ८६५२९६४३२. आलेली प्रत्येक संख्या नऊ अक्षरी मजकूर म्हणून यादीत ठेवा आणि यादीतली संख्या पुन्हा आली की थांबा. पहिल्या वजाबाकीनंतर ७१४ च किमती शक्य आहेत, त्यामुळे ७१५ फेऱ्यांपलीकडे लूप गेला तर चूक प्रोग्रॅममध्ये आहे.